जुना गेमिंग कॉम्प्युटर : डागडुजी करावी की नवाच घ्यावा?

घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा नातू असेल तर हा विषय आज ना उद्या तुमच्याही घरी निघणारच. आमच्याकडे तो दिवाळीनंतर निघाला. माझ्या मुलीचा मुलगा मूळ अकोल्याचा, इंजिनिअरिंगसाठी अमरावतीला आमच्याकडे राहतो. तो वापरतो तो कॉम्प्युटर त्याच्या मामाने २०१८ मध्ये ६० हजारांत सुटे भाग घेऊन जुळवून घेतलेला. मामा नोकरीसाठी पुण्याला गेला, डबा इथेच राहिला. "आजी, थो डबा कामाचा नाही राह्यला वं आता," असं म्हणत नातवाने माझ्यापुढे ९५ हजारांचं कोटेशन ठेवलं. वर दुकानदाराने बिनव्याजी हप्त्यांचं गाजर दाखवलेलं. तिकडे जावयांनी नुकतीच कॉलेजची फी भरली होती, आणि मुलगी फोनवर "तूच समजाव त्याला" एवढंच म्हणत होती.

माझं मत असं. आधी नेमकं काय थकलंय ते शोधावं आणि मग जे सामान पुढच्या कॉम्प्युटरमध्येही लागेल त्यावरच पैसा घालावा. जे याच मदरबोर्डाबरोबर संपणार आहे, त्यावर हात आखडावा.

आयकरात कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने आमच्या ६० हजारांच्या डब्याची किंमत सात वर्षांनी १,६८० रुपये उरते. नातू म्हणाला, बघ, तुझं कॉमर्ससुद्धा माझ्याच बाजूने बोलतं! पण घसारा वहीतला असतो. यंत्राला तो ठाऊक नसतो. "एवढे ६० हजार घातलेत, टाकायचा कसा" हे म्हणणंही तितकंच चूक, कारण ते पैसे कधीच खर्च झाले. आज आणखी एक रुपया घातला तर किती काम मिळेल, एवढंच बघायचं.

दुकानदाराचा मुख्य मुद्दा होता विंडोजचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण "तुमच्या मशीनवर ११ चालतच नाही" हे खरं नव्हतं. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आमचा आय-५ ८४०० आठव्या पिढीचाच आहे. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर टीपीएमची सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते. नातवाने बायोसमध्ये जाऊन इंटेल पीटीटी आणि सिक्युअर बूट हे दोन पर्याय चालू केले आणि तो आक्षेप तिथेच मिटला. त्याचा तो व्हॅलोरंट नावाचा गेमही विंडोज ११ वर याच दोन गोष्टी मागतो. (त्यातली गोळाबारी मला आवडत नाही, हे मी त्याला सांगितलंय. पण तो वाद वेगळा. तो खरेदीच्या हिशेबात घुसवला की दोन्हीकडे गोंधळ होतो.)

मग थकलं होतं काय? टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर जुनी फिरती हार्ड डिस्क सतत १०० टक्क्यांवर, आणि ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली. शिवाय डबा ठेवलेला कूलरच्या थेट झोतात! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरशिवाय भागत नाही. पण त्याची दमट हवा आणि धूळ मिळून पंख्यांवर चिकट थर बसतो. मग प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. गेम अडखळण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, डबा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला.

बाकी खरेदी अशी : ५०० जीबीची एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, दोन्ही नवे, कारण पुढच्या डब्यातही चालतील. सात वर्षं विजेचे चढउतार सोसलेला एसएमपीएस जाताना दोन-चार भाग सोबत नेऊ शकतो. रॅम मात्र सेकंडहँड. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या बोर्डात बसत नाही, शिवाय एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्याने भाव चढलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात अख्खा नवा डबा घ्यायची घाई कशाला? सगळं मिळून १३ हजारांच्या आत बसलं.

पण डागडुजीलाही हद्द हवी. प्रोसेसरच अपुरा पडू लागला तर नवा प्रोसेसर, त्याचा बोर्ड, त्याची रॅम असं तिन्ही एकदम येतं. आमच्या बोर्डावर नवव्या पिढीच्या पुढे जाता येत नाही. तिथे ठिगळं लावत बसू नये, नवाच घ्यावा. ग्राफिक कार्डाचंही तसंच. आमचं जीटीएक्स १०६० आहे. 'डूम : द डार्क एजेस'सारखे नवे गेम त्यावर चालणारच नाहीत, हे मला मान्य आहे.

आणि हो, अपरिग्रहाचं नाव पुढे करून चिक्कूपणा करू नये. कॉम्प्युटरवर त्याचा अभ्यासही चालतो. नवा घेतल्यावर जुना डबा "असू दे" म्हणून माळ्यावर चढवणं, हाही परिग्रहच. भंगारवाल्याला दिला तर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी लेकराच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यावा. चालू भाग असतील तर त्याआधी एखाद्या गरजू विद्यार्थ्याला विचारावं.

ग्राफिक कार्डाचं पुढच्या दिवाळीला बघायचं ठरलंय. निम्मे पैसे तो इंटर्नशिपमधून घालणार, निम्मे मी. जुनी हार्ड डिस्क अजून टेबलावरच आहे. तिच्यात मामाचे कॉलेजचे फोटो आहेत, ते काढून झाल्याशिवाय ती कुठेच जाणार नाही.