तान्ह्या मनाची भाषा

चतुर्थीच्या दिवसांत माणसांनी भरलेल्या घरात आठ-नऊ महिन्यांचे मूल परक्या पाहुण्याच्या मांडीवर जाताच टाहो फोडते. मग कोणी 'भित्रा आहे' म्हणून हसतो, कोणी बागुलबुवाचा धाक घालतो आणि अलीकडे कोणी त्याच्यापुढे मोबाईल धरतो. मूल गप्प होते. परंतु या गप्प होण्याला शांत होणे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

ओळखीच्या व परक्या चेहऱ्यांतील भेद कळू लागल्याची ती खूण असते. ती भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे, वाढ आहे. मात्र आपल्याला काय होते आहे, हे बाळाला जवळच्या माणसाच्या चेहऱ्यावरून आणि स्वरावरूनच उमगत जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० नंतरच्या दशकात आयांना काही मिनिटे बाळापुढे निर्विकार चेहऱ्याने बसावयास सांगितले. बाळांनी हसून, हात पुढे करून आईला बोलते करण्याची धडपड केली. ती व्यर्थ ठरताच तोंड फिरविले. मोबाईलमध्ये बुडालेला आईबापांचा चेहरा याहून कितीसा वेगळा असतो?

उपाय बिनखर्चाचा आहे. 'घाबरलास होय रे? हे मामा. आपण लांबूनच बघू,' असे म्हणून मुलाला उराशी धरावे. शब्द त्याला लगेच कळत नाही, स्वर कळतो. पुढे तोच शब्द त्याच्या भावनेचे नाव होतो. 'मुलगे रडत नसतात' हा उपदेश मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावा.

तथापि सारा भार आईवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. परक्याची भीती मुलाच्या मनात उमटू लागते ती नेमकी त्याच सुमारास. आणि तेव्हाच नोकरदार आईचे मूल परक्या हाती जाते. म्हणून पाळणाघर आहे की नाही, एवढेच पाहून सरकारने थांबू नये. तेथील दाई रोज तीच असते काय, तिच्याकडे मुले किती आणि त्यांना कसे समजवावे याचे शिक्षण तिला मिळाले आहे काय, हेही तपासावे. दूध वेळेवर मिळाले म्हणजे मुलाचे सारे भागले, असे मानणे आता पुरे झाले.