तारखेशी शर्यत

व्हिडिओ गेमसारखा विषय रविवारच्या पुरवणीत, आणि तोही साठी ओलांडलेल्या, उभा जन्म बँकेच्या लेजरांत काढलेल्या माणसाने लिहिलेला, हे पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना एवढीच विनंती की, दोन-चार परिच्छेद थांबावे. खेळ मोटारींच्या शर्यतीचा असला, तरी मामला गिऱ्हाइकाचा आहे. दर वर्षी ठरल्या तारखेला माल बाजारात आलाच पाहिजे, असा पण केला की त्या मालाचे काय होते, त्याची ही हकीकत आहे.

‘फॉर्म्युला वन’च्या शर्यती टीव्हीवर डोळ्यांत तेल घालून पाहणारी मुले आता मराठी घरांतही आहेत. माझा एक भाचा त्यांतलाच. या शर्यतीचा अधिकृत खेळ ब्रिटनमधली कोडमास्टर्स ही कंपनी तयार करते. डार्लिंग आडनावाच्या दोघा भावांनी १९८६ साली ती काढली. २०१० पासून तिने दर वर्षी त्या त्या सालाचा खेळ काढला. त्यात गैर काहीच नव्हते. हंगाम बदलला की चालक संघ बदलतात, गाड्यांचे रंग बदलतात, एखादा नवा मार्ग येतो. २०११ च्या खेळात ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आला आणि आपला नारायण कार्तिकेयनही होता, तेव्हा इकडच्या पोरांना केवढा आनंद झाला! पंचांग दर वर्षी नवेच लागते, त्याबद्दल छापखान्याला कोणी बोल लावत नाही. फक्त तिथी बरोबर हवी.

तिथी चुकू लागली ती कुठे, हे कळायला खेळणारा नेमके काय विकत घेतो ते समजून घ्यावे लागेल. मला वाटायचे, चित्रे. भाच्याने माझा गैरसमज दूर केला. तो म्हणाला, “मामा, गाडी दिसते कशी ते पहिल्या दिवशी बघायचं. दुसऱ्या दिवसापासून ती वळते कशी, एवढंच उरतं.” ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने सरळ रस्ता संपतो, वळण येते. ब्रेक कुठे दाबायचा, किती दाबायचा, कधी हळूहळू सोडायचा. जास्त दाबला तर पुढची चाके जाम होतात, वळणातून निघताना अॅक्सिलरेटरवर घाई केली तर मागची घसरतात. हे शेकडो तास खेळून हातात मुरते. आमच्या कॅशियरची बोटे नोटा मोजतामोजता खोटी नोट नुसत्या स्पर्शाने बाजूला काढत, तसे. ती विद्या बोटांची असते. पुस्तकात वाचून येत नाही आणि एका रात्रीत विसरताही येत नाही.

आता मे २०२४ च्या अखेरीस आलेल्या ‘एफ वन २४’चे पाहा. कंपनीने गाडीच्या हाताळणीचा सारा हिशेब नव्याने मांडला. जगज्जेता मॅक्स वेरस्टॅपेन याचा सल्ला घेतल्याची जाहिरातही झाली. खेळ हातात पडला आणि जुन्या, मुरलेल्या खेळाडूंनी कपाळाला हात लावला. गाडीचे नाक वळणात नको इतके चटकन आत शिरते, घसरलेली गाडी आपोआप सावरते, स्टीअरिंगमधून रस्त्याची काही खबरच लागत नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला. काही आठवड्यांतच कंपनीला हाताळणी पुन्हा बदलावी लागली. म्हणजे ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्याने आधी एक गाडी शिकायची, मग ती विसरून दुसरी शिकायची. यात एक गंमतही आहे. महागडी आवृत्ती घेणाऱ्याला खेळ तीन दिवस आधी मिळतो. जास्त पैसे भरणाराला दोष आधी सापडतात, असा त्याचा अर्थ झाला.

दर वर्षी काही नवे येते आणि काही गुपचूप जाते, हीसुद्धा जुनी तक्रार आहे. २०१५ च्या खेळात तर चालकाची कारकीर्द हंगामामागून हंगाम खेळण्याची सोयच नव्हती. ती पुढच्या वर्षी परत आली. जुन्या जमान्यातल्या नामांकित गाड्या २०२० पर्यंत चालवता येत, २०२१ मध्ये त्या नाहीशा झाल्या. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने सुमारे १.२ अब्ज डॉलर मोजून कोडमास्टर्स विकत घेतली. तेव्हापासून बिघडले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा निवाडा घाईचा वाटतो. २०१५ चा अर्धाकच्चा खेळ त्याआधीचाच आहे. मालक बदलले, तारीख तीच राहिली.

अर्थात या नव्या मालकांना तारखेचा अनुभव कमी नव्हता. त्यांच्याच ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेचे खेळ आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने खेळले गेले. २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे कॅनडातल्या ब्लॅक बॉक्स या एकाच स्टुडिओने दर वर्षअखेरीला, नाताळच्या खरेदीच्या तोंडावर, एकेक खेळ दिला. २००५ चा ‘मोस्ट वाँटेड’ आजही लोक आठवतात. २००८ चा ‘अंडरकव्हर’ मात्र कोणी मनापासून वाखाणला नाही. एकाच चमूला दर वर्षी जुंपून त्याची दमछाक केली, हे पुढे कंपनीच्या त्या वेळच्या प्रमुखांनीच जाहीरपणे मान्य केले. ब्लॅक बॉक्स २०१३ मध्ये बंद झाला. गुणी माणसांच्या हातून सुमार काम कसे होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हे मी अधिकाराने बोलतो, कारण तारखेसाठी काम करणे म्हणजे काय ते बँकेच्या माणसाला विचारावे. ३१ मार्च! ठेवींचे टार्गेट गाठायचे म्हणून मार्चच्या शेवटच्या दिवसांत ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून रकमा यायच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आल्या वाटेने निघून जायच्या. ताळेबंदात आकडा भरघोस दिसे. त्याला ‘विंडो ड्रेसिंग’ असे गोड नाव होते. रिझर्व्ह बँकेला हा प्रकार कधीच पसंत नव्हता, तरी तो चालायचा, कारण वरच्या ऑफिसात सारे एका तारखेवर मोजले जाई. २ एप्रिलला काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या आकड्याचा काडीचाही उपयोग नसे. शर्यतीच्या खेळावरचा सालाचा आकडा मला हल्ली तसाच दिसतो.

मग वार्षिक म्हणून जे जे निघते ते वाईटच का? तसे म्हटले तर माझ्याच पोटावर पाय येईल. आमच्या दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, आणि मी स्वतः कथा लिहिल्या त्या पुष्कळशा संपादकांनी गणपतीत तगादा लावला म्हणून. पण एक फरक आहे. एका अंकाने निराशा केली तर वाचक शेजारचा उचलतो. स्टॉलवर शंभर अंक मांडलेले असतात. फॉर्म्युला वनच्या खेळाचा परवाना एकाच कंपनीकडे आहे. खऱ्या गाड्या, खरे चालक, खरे मार्ग हवे असतील, तर या एका दुकानाखेरीज दुसरीकडे जायला वाट नाही. १९९४ नंतर नव्या खासगी बँका शाखा उघडू लागल्या, तेव्हा आमच्या काउंटरवरची भाषा किती लवकर मऊ झाली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही काही रातोरात सज्जन झालो नव्हतो!

आणि सालाचा आकडा खरोखर इतका मोलाचा असतो का? जेफ क्रॅमंड नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने ‘ग्रां प्री’ या मालिकेचे अवघे चार खेळ काढले, दोन खेळांमध्ये दोन-चार वर्षांचे अंतर ठेवून. त्यातला दुसरा १९९६ मध्ये आला, पण त्यात हंगाम होता १९९४ चा, म्हणजे दोन वर्षे शिळा. तरी जुने खेळाडू त्याचे नाव आजही आदराने घेतात, कारण गाडी गाडीसारखी वळत होती. उलट अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतीचा ऑक्टोबर २०२१ चा ‘इग्निशन’ हा खेळ हंगाम संपण्याच्या आत दुकानात पोचला आणि दोषांमुळेच गाजला. पुढे तो परवाना आयरेसिंग या कंपनीकडे गेला. तिने दोन वर्षे घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला खेळ आणला.

आता फॉर्म्युला वनच्या बाबतीतही काहीसे हलले आहे. २०२६ च्या हंगामाचा वेगळा खेळ निघणार नाही, ‘एफ वन २५’लाच विकतची जोड मिळेल आणि पुढचा पूर्ण खेळ २०२७ मध्ये येईल, असे कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. २०२६ च्या नियमांनी खरी गाडीच मुळापासून बदलली, इंजिनात विजेचा वाटा निम्म्याच्या आसपास गेला. त्यामुळे हा विसावा शहाणपणाचा की केवळ नाइलाजाचा, हे बाहेरून सांगणे कठीण.

मला त्यात धोका दिसतो तो वेगळाच. एक वर्ष जास्त मिळाले, याचा अर्थ कारागिरांना एक वर्ष जास्त मिळाले असा होईलच असे नाही. बँकेत वाढवून मिळालेली मुदत कुठल्या टेबलावर पडून राहते, हे मी पाहिले आहे. म्हणून भाच्याला आणि त्याच्या मित्रांना माझे सांगणे आहे की, पुढच्या खेळाची आगाऊ नोंदणी करू नका, तीन दिवस आधी मिळतो म्हणून तर मुळीच नको. तीन आठवडे थांबा. कोणी तरी चालवून पाहील, वळणावर गाडी काय करते ते सांगेल, मग पाकिटाला हात घाला. भाच्याला हे पटलेले नाही. “तेवढ्या दिवसांत बाकीचे पुढे जातात, मामा,” असे त्याचे म्हणणे आहे, आणि कंपनीलाही ते नेमके ठाऊक आहे.