समुपदेशन : औषध की गुंगी?

दरवर्षी १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. सरकारी इस्पितळांच्या भिंतींवर फलक लागतात, महाविद्यालयांतून व्याख्याने झडतात आणि सर्वत्र एकच उपदेश कानी पडतो : मनात साठवू नका, बोला, बोलल्याने दुःख हलके होते. हा उपदेश खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो कोण कोणाला करीत आहे हे पाहिल्याविना त्याचे मोल ठरत नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या मुकाट्याने ऐकून घेणेच आले त्या दलिताला, आदिवासीला, भटक्या-विमुक्ताला, शेतावर राबणाऱ्या मजूर स्त्रीला 'बोला' म्हणून सांगणाऱ्याने आधी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. बोलल्यावर पुढे काय?

या प्रश्नावर आज दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, तालुक्या-तालुक्याला आणि महाविद्यालया-महाविद्यालयाला समुपदेशक नेमा, म्हणजे झाले. दुसरा पक्ष म्हणतो, समुपदेशन ही पीडिताला पीडा सोसण्यास शिकविण्याची युक्ती आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा हा प्रकार आहे. आमच्या मते दोघांच्याही हाती सत्याचा एकेक तुकडा आहे, आणि दोघेही तो तुकडा म्हणजेच सगळी भाकरी असल्याच्या थाटात बोलत आहेत.

प्रथम दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू, कारण ते सहसा ऐकले जात नाही. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या संवादोपचारांपैकी एक १९६० च्या दशकात अमेरिकेतील आरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने घडविला. खिन्न माणसाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी विपरीत विचार घर करतात. ते पारखून घेण्यास त्याला शिकविले की खिन्नता ओसरू लागते, असे त्याचे मर्म. उपचार गुणकारी आहे यात शंका नाही. परंतु वसतिगृहाच्या भोजनगृहात ज्याच्या ताटाशेजारी कोणी बसत नाही असा विद्यार्थी 'हे मला हीन लेखतात' असे म्हणतो, तेव्हा विपरीत विचार कोणाचा? त्या विद्यार्थ्याचा, की ताट उचलून दूर जाणाऱ्यांचा? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची नोंद सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ सालीच करून ठेवली आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा अंत झाला, तेव्हा देशभर उसळलेला संताप समुपदेशकांच्या संख्येबद्दल नव्हता. त्याला व त्याच्या सोबत्यांना वसतिगृहातून का काढले, हा तो सवाल होता. जिथे चौकशी हवी तिथे समुपदेशन देणे म्हणजे तक्रारदारालाच रोगी ठरविणे होय.

मनोविकारशास्त्राच्या इतिहासात याची एक धडधडीत साक्ष आहे. फ्रांत्स फानन हा कृष्णवर्णीय डॉक्टर १९५३ साली फ्रेंच अमलाखालील अल्जेरियात ब्लिदा येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. रुग्णांच्या सभा, हस्तोद्योग, करमणूक, छोटेसे वर्तमानपत्र अशा उपायांनी युरोपीय स्त्रियांच्या विभागात गुण येऊ लागला. तेच उपाय अल्जेरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात साफ फसले. डॉक्टरला रुग्णांची भाषा येत नव्हती. सारा संवाद दुभाष्याच्या तोंडून चाले. फाननचा मोठेपणा असा की, त्याने दोष रुग्णांच्या माथी मारला नाही. त्याने आपली पद्धत बदलली. रुग्णांसाठी त्यांच्या वळणाचे कॉफीगृह काढले, त्यांचे सण पाळले, गावचा कथेकरी बोलावला. आणि एवढे करूनही १९५६ साली त्याने राजीनामा दिला. ज्याला त्याच्याच भूमीत परका करून ठेवले आहे त्याचा परकेपणा इस्पितळाच्या चार भिंतींत बरा करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. या भागातील वाचकांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

मग संवादोपचार निरुपयोगी म्हणून टाकून द्यावा काय? मुळीच नाही. येथे आम्ही पहिल्या पक्षाच्या बाजूने उभे राहतो, आणि त्यासाठी पुरावा शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र खिन्नतेने ग्रासलेल्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. बहुसंख्य रुग्ण स्त्रिया होत्या. समुपदेशक पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्या कामासाठी शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठकी. त्यांत उपदेश थोडा, आणि सुटून गेलेली कामे, तुटलेल्या गाठीभेटी, रोजच्या अडचणी यांतून एकेक पाऊल पुढे टाकण्याची मदत अधिक. तीन महिन्यांनी, हे साहाय्य मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची खिन्नता ओसरली होती. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली देखभाल मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होते. आणि आमच्या मते सर्वांत बोलकी गोष्ट ही, की साहाय्य मिळालेल्या स्त्रियांत नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी आढळली. बोलणे माणसाला केवळ सोसावयास शिकविते, असे म्हणणाऱ्यांनी या एका निष्कर्षाचा विचार अवश्य करावा. खचलेली बाई उभी राहिली तर घरातील हातही आवरतो.

अर्थात, हा प्रयोग जातीच्या जखमेची परीक्षा पाहण्यासाठी मांडलेला नव्हता, आणि साहाय्य मिळूनही शंभरांतील छत्तीस जण खिन्नच राहिले, हे विसरता कामा नये. परंतु गरिबाला बोलण्याने काही होत नाही, ते सुखवस्तूंचे चोचले आहेत, हा समज यापुढे टिकणारा नाही. झिम्बाब्वेच्या हरारे शहरात दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून शेजारपाजारच्या आजीबाई दुःखितांचे ऐकून घेतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचाही गुण सिद्ध झाला. तेथे आजाराला परक्या भाषेतील नाव देत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'फार विचार करणे' या अर्थाचा शब्द आहे, तोच वापरतात. आपल्याकडील बाई तरी दुसरे काय म्हणते? जीव घाबरा होतो, काळजात धस्स होते, डोक्यात विचारांचे काहूर उठते. ही भाषा ज्याला कळते त्याचेच समुपदेशन लागू पडते. अमेरिकेतील ७६ अभ्यासांचा २००६ साली घेतलेला आढावा सांगतो, की रुग्णाच्या मातृभाषेतील उपचार इंग्रजीतील उपचाराच्या दुप्पट परिणामकारक ठरले.

समजा, खानापूर तालुक्यातील एखादी मजूर स्त्री एका दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या इस्पितळात गेली. समोरचा कागद तिला वाचता येत नाही, विचारणाऱ्याची भाषा तिला कळत नाही, आणि तिची भाषा दुभाष्याच्या तोंडून निम्मीच पोचते. तिने मन कोणापुढे मोकळे करावे? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे, पण तो एकतर्फी विचारण्याचा नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषकालाही तो आहे. गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्याला आणि तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्या बाईला तर तो आमच्याहून अधिक आहे, कारण त्यांच्यासाठी बोलणारे वर्तमानपत्रही नाही. स्वतःच्या भाषेसाठी झगडणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेला बहिरे राहणे यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

कानांबरोबर हातही हवेत. लायबेरियाच्या मोन्रोव्हिया शहरात चोरी-मारामारीच्या मार्गाला लागलेल्या ९९९ तरुणांपैकी काहींना केवळ संवादोपचार दिला, काहींना केवळ २०० डॉलर दिले, काहींना दोन्ही दिले, तर काहींना यांपैकी काहीच दिले नाही. वर्षभरानंतर ठळकपणे टिकून राहिला तो दोन्ही मिळालेल्यांचा पालट. केनियाच्या ग्रामीण भागात तर पाच आठवड्यांच्या संवादोपचाराचा परिणाम वर्षभराने दिसला नाही, आणि थेट हाती दिलेल्या पैशाने मात्र लोकांचे मन व संसार दोन्ही सावरले. पोटाचे दुःख बोलून जात नाही, आणि मनाचे दुःख केवळ पैशाने नेहमीच जात नाही, एवढाच याचा सरळ अर्थ.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याचे अठरावे कलम प्रत्येकाला मानसिक उपचाराचा हक्क देते आणि जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद करण्यास मनाई करते. कलम उत्तम आहे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविनाच असल्याचे आढळले होते. ही दरी कायद्याच्या छापील पानांनी भरणारी नव्हे. ती भरता येते, हेही विदर्भात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातीलच कार्यकर्ते घरोघर गेले, तेव्हा उपचारापर्यंत पोचणाऱ्या खिन्न रुग्णांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा चालू आहे. तीत मराठीतूनही बोलता येते. ज्याला आज आधाराची निकड आहे त्याने या क्रमांकाचा उपयोग निःसंकोच करावा. सरकारच्या उणिवा आम्ही मोजीत राहू. दुखणाऱ्याने तोवर थांबू नये.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. समुपदेशक लोकांच्या भाषेचा असावा, आणि शक्यतो लोकांतूनच निवडलेला असावा. वस्तीतील दुःख वस्तीतील माणसाला लवकर कळते. त्याला पगार मिळावा. आशा सेविकांप्रमाणे तुटपुंज्या मानधनावर गरीब बाईकडूनच गरिबाची सेवा करून घेण्याची शहाणी काटकसर येथे नको. त्याच्या शिक्षणात जातीचा विषय असलाच पाहिजे, म्हणजे रुग्णाच्या खऱ्या अनुभवाला तो भ्रम समजणार नाही. शिधापत्रिका अडली असेल, मजुरी बुडाली असेल, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद नोंदविली जात नसेल, तर रुग्णाला योग्य दारापर्यंत नेऊन पोचविणे हेही त्याचे कर्तव्य ठरावे. आणि कोणत्याही विद्यालयाने, कार्यालयाने वा कारखान्याने तक्रारीच्या चौकशीऐवजी समुपदेशनाची चिठ्ठी हाती देऊ नये.

समुपदेशन औषध की गुंगी, हे बाटलीवरच्या नावावरून ठरत नाही. ते घेतल्यावर माणूस निजतो की उठतो, यावरून ठरते. जे ऐकून घेणे माणसाला पुन्हा पायांवर उभे करते आणि त्याच्या हक्काच्या दारापर्यंत सोबत चालते, त्याला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. जे त्याच्या पाठीवर हात फिरवून त्याला त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात परत बसवते, ते कितीही गोड बोलत असले तरी आम्हांस नको.