‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे विनाअट नव्हे

बंगळुरू - हातातील मोबाइलवर चित्रफीत तयार करून ती इंटरनेटवर जगापुढे ठेवणे आज कोणालाही शक्य आहे. मात्र तिच्या पार्श्वभूमीला वाजणारे संगीत कोणाचे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. बंगळुरूच्या न्यायालयांसमोर आलेले एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘केजीएफ चॅप्टर २’ या चित्रपटाच्या हिंदी संगीताचे हक्क आपल्याकडे असून, भारत जोडो यात्रेच्या चित्रफितींत ते विनापरवाना वापरले गेले, असा आरोप बंगळुरूच्या एमआरटी म्युझिक कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये काँग्रेसवर केला. ७ नोव्हेंबरला येथील व्यापारी न्यायालयाने पक्षाचे व यात्रेचे ट्विटर खाते तात्पुरते बंद ठेवण्याचा आदेश दिला. वादग्रस्त चित्रफिती काढून टाकण्याच्या अटीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी तो रद्द केला; तथापि पक्षनेत्यांविरुद्धचा फौजदारी गुन्हा रद्द करण्यास जून २०२३ मध्ये नकार दिला.

राजकीय पक्षाच्या पाठीशी वकिलांची फौज असते. विद्यार्थी, शिक्षक वा लहान संस्था यांचे तसे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळेच अनेकजण ‘रॉयल्टी-फ्री’ संगीताकडे वळतात. परंतु या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ किंवा ‘हक्कमुक्त’ असा नाही. एकदा परवाना घेतला की प्रत्येक वापरासाठी पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगीतावरील हक्क मूळ धन्याकडेच राहतात.

‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यांनाही अटी असतात. काहींत रचनाकाराचा नामोल्लेख बंधनकारक असतो, काहींत व्यावसायिक वापर निषिद्ध असतो. ज्या परवान्यात रचनेत फेरफार करण्यास मनाई आहे, ते संगीत चित्रफितीला जोडताही येत नाही. कारण दृश्यांशी संगीताचा मेळ घालणे हाच फेरफार मानला जातो.

देशोदेशींच्या लोकसंगीताबाबत प्रश्न केवळ परवान्याचा नसतो. सॉलोमन बेटांवरील अफुनाक्वा या स्त्रीने गायिलेली अंगाई संशोधक ह्यूगो झेंप यांनी १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केली होती. डीप फॉरेस्ट या फ्रेंच वाद्यवृंदाने १९९२ मध्ये तिच्यावरून ‘स्वीट ललबाय’ हे गीत रचले. जगभर नाचत फिरणाऱ्या मॅट हार्डिंग यांच्या २००६ मधील चित्रफितीमागेही तेच वाजत होते. गीत कोट्यवधी लोकांनी ऐकले. मूळ गायिकेचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक झाले.

यूट्यूबची संगीत ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा २००७ पासून अस्तित्वात आहे. रीतसर परवाना घेतलेल्या संगीतावरही तिच्यामार्फत दावा येऊ शकतो. म्हणूनच रचनेचे नाव, रचनाकार, परवान्याचा मजकूर आणि संगीत उतरवून घेतल्याची तारीख जपून ठेवणे हिताचे. या नोंदीला पाच मिनिटे लागतात. तिच्याअभावी वर्षभराचे श्रम एका दिवसात इंटरनेटवरून नाहीसे होऊ शकतात.