शुल्काची भिंत आणि चौकशीचा आरसा

जबलपूरला गेलो की मी तिथल्या वाहन कारखान्याच्या बाजूने एक फेरी मारतोच. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्याची ओळख जुन्या फौजींना सांगावी लागत नाही. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान ट्रक आणि निसानच्या आराखड्यावरची जोंगा या गाड्यांनी दुर्गम चौक्यांपर्यंत रसद पोहोचवली. ‘जोंगा’ या नावातले पहिले अक्षरही जबलपूरचेच. कारखान्याच्या या सेवेबद्दल दुमत नाही. मात्र एक प्रश्न तिथे दीर्घकाळ कोणी गांभीर्याने विचारला नाही: या गाडीची खरी किंमत किती? जमीन सरकारची, भांडवल सरकारचे, गाडी बनवणारे सरकार आणि घेणारेही सरकारच. अशा व्यवहारात किंमत हा बाजारातला भाव राहत नाही; ती दोन खात्यांमधली नोंद होते.

नेमका हाच प्रश्न आज जगाच्या वाहनव्यापारात कळीचा ठरला आहे. चीनमधून येणाऱ्या विजेच्या मोटारी स्वस्त आहेत त्या कौशल्यामुळे, की सरकारी कर्ज, स्वस्त जमीन आणि अनुदानित बॅटऱ्यांमुळे? युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये याची चौकशी सुरू केली आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, अंतिम शुल्क लागू केले. आधीच्या १० टक्के आयातशुल्कावर बीवायडीला १७, गीलीला १८.८, तर सैक कंपनीला ३५.३ टक्के जादा शुल्क लागले. चीनमधून गाड्या पाठवणाऱ्या टेस्लाला ७.८ टक्के. ज्याचे जेवढे अनुदान सिद्ध झाले, तेवढाच त्याच्यावर भार. अमेरिकेने आणि कॅनडाने मात्र त्याच वर्षी सरसकट १०० टक्के शुल्काचा मार्ग धरला. पहिला मार्ग हिशेबाचा, दुसरा भिंतीचा.

भारताने वाहनांच्या बाबतीत आजवर भिंतच पसंत केली आहे. पूर्ण तयार मोटारीवरील आपले आयातशुल्क ७० ते ११० टक्क्यांच्या घरात आहे. चौकशीचा कायदा आपल्याकडे नाही असे नव्हे. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील कलम ९ अनुदानित आयातीवर, तर कलम ९अ मायदेशातील भावापेक्षा कमी दराने पाठवलेल्या मालावर शुल्क लावण्याची मुभा देते. त्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात: भाव अनुचित आहे किंवा अनुदान मिळालेले आहे, देशी उद्योगाचे नुकसान झाले आहे आणि ते नुकसान त्याच आयातीमुळे झाले आहे. वाणिज्य मंत्रालयातील व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करून शिफारस करते. शुल्क लावायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय ठरवते.

या यंत्रणेचा रोख मात्र गाडीच्या सुट्या भागांवर राहिला. चिनी, कोरियन आणि थाई अॅल्युमिनियमच्या चाकांवर डंपिंगविरोधी शुल्क लागले. चीनमधून येणाऱ्या ट्रक-बसच्या रेडियल टायरांवर २०१९ साली अनुदानविरोधी शुल्कही आले. संपूर्ण गाडीसाठी आपण भिंतीवर विसंबून राहिलो. ती भिंत आता आपणच उतरवू लागलो आहोत. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारानुसार ठरलेल्या कोट्याच्या मर्यादेत मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. ज्या दिवशी भिंत कमरेएवढी उरेल, त्या दिवशी देशी उद्योगाला आधार उरेल तो केवळ चौकशीचा.

माझ्या मते हे चांगलेच आहे. भिंत कोणालाच प्रश्न विचारत नाही. बाहेरचा विक्रेता लबाड आहे की कार्यक्षम, हे तिला कळत नाही. आतला उत्पादक दुबळा आहे की आळशी, हेही नाही. किंमत मोजतो तो ग्राहक, आणि त्याचे म्हणणे ऐकण्यासाठी भिंतीला दारही नसते. चौकशीत निदान सुनावणी असते. टायर स्वस्त झाले तर कारखान्याचा कामगार धास्तावतो, महागले तर नागपूर-जबलपूर मार्गावर एकुलता एक ट्रक चालवणारा मालक कर्जाच्या हप्त्याला मुकतो. या दोघांचे हित एकाच कागदावर मांडून तोलण्याची सोय फक्त चौकशीत आहे.

पण चौकशी हा आरसाही आहे आणि त्यात आपलाही चेहरा दिसतो. अमेरिकेने भारतीय पोलादावर अनुदानविरोधी शुल्क लावताना सरकारी एनएमडीसीने स्वस्तात पुरवलेले लोहखनिज हेच अनुदान मानले होते. भारताने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि एनएमडीसीला ‘सार्वजनिक संस्था’ ठरवणारा अमेरिकेचा निष्कर्ष २०१४ साली अपील मंडळाने अमान्य केला. म्हणजे कंपनी सरकारी मालकीची आहे एवढ्याने अनुदान सिद्ध होत नाही, हे आपणच जगाला पटवले. उद्या चिनी कंपन्यांविरुद्ध पुरावा मांडताना हाच निकाल आपल्यासमोर ठेवला जाईल. शिवाय वाहन उद्योगासाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या २५,९३८ कोटी रुपयांच्या उत्पादननिगडित प्रोत्साहन योजनेविरुद्ध चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच संघटनेत तक्रार नोंदवली आहे. देशी मूल्यवर्धनाची अट हाच वादाचा मुद्दा आहे. अशाच अटींमुळे वाहन क्षेत्रातला एक खटला आपण २००१ साली हरलो होतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून तयारी आतापासून हवी. तक्रार ग्राह्य धरण्यासाठी देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के उत्पादकांचा पाठिंबा आणि प्रत्येकाचा खर्चाचा तपशील लागतो. मोठ्या कंपनीला ते जमते; सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाला त्यासाठी वकील आणि हिशेबतपासनीस परवडत नाहीत. महासंचालनालयाने त्याला हात दिला पाहिजे. अर्थ मंत्रालय शिफारस नाकारते तेव्हा तिची कारणे प्रसिद्ध झाली पाहिजेत. आणि प्रोत्साहनाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब, उद्या परकीय तपासनीस मागणारच आहे असे समजून, आज मांडला पाहिजे.

जबलपूरचा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून एका सरकारी कंपनीचा भाग झाला आहे. आता त्याला ताळेबंद मांडावा लागतो, मागणी मिळवावी लागते. लष्कर बरेच ट्रक थेट खासगी कंपन्यांकडून घेऊ लागले आहे. गाडीची खरी किंमत किती, हा प्रश्न तिथे अखेर विचारला गेला, पण फार उशिरा. त्यामुळे त्याचे उत्तर देण्याची पाळी धोरण आखणाऱ्यांवर आली नाही. ती आली कामगारांवर. देशाच्या वाहन उद्योगाला तो प्रश्न भिंत शाबूत असतानाच विचारण्याची संधी अजून आपल्या हाती आहे.