पोट कामगाराचे, हिशोब कोणाचा?



मागच्या वैद्यकीय तपासणीच्या वेळी एका साहेबांनी आमच्या पॉइंट्समनच्या पोटाकडे बोट दाखवून म्हटले, "बसून पगार खाल्ला की असेच होते." चार माणसे हसली. मला हसू आले नाही, कारण माझेही पोट त्याच मापाचे आहे आणि ते कसे वाढले, हे मला पक्के ठाऊक आहे.

1993 साली खान्देशातल्या एका केबिनमध्ये मी लिव्हरमन म्हणून लागलो, तेव्हा वजन 56 किलो होते. पाळीभर लिव्हर ओढायचे, केबिनचा जिना चढायचा-उतरायचा, घरी सायकलने जायचे. पुढे खात्याची परीक्षा देऊन पॅनेलवर बसलो. ज्या सिग्नलला सारे अंग लावावे लागे, त्याला आता एक बोट पुरते. यंत्राला माझा विरोध नाही. लिव्हर ओढून कंबर गेलेले सोबती मी पाहिले आहेत. पण हातातले काम गेले आणि खुर्ची आली. मग सायकल जाऊन मोटारसायकल आली. रात्री झोप येऊ नये म्हणून चहाचे दोन कप वाढले. कपात दोन चमचे साखर, चमच्याला वीसेक कॅलरी, म्हणजे 80 तिथेच झाल्या. पहाटेची भजी वेगळी. 2018 साली काट्याने 74 दाखवले. पंचवीस वर्षांत 18 किलो, म्हणजे दिवसाला फक्त दोन ग्रॅम! हे कोणाला कळणार?

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवून दिले की दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. 1956 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाची मापे तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी निघाली. तरुण ड्रायव्हरांतही हा फरक होता, तेव्हा सगळा दोष खुर्चीचा नाही, हे मान्य. पण सगळा दोष जिभेचा, हे कोणी सिद्ध केले?

साहेब सांगतात, रोज पाऊण तास चाला. बारा तासांचे रोस्टर, वर रिलिव्हर वेळेवर नाही, लागोपाठ रात्रपाळ्या! चालायचे कधी, झोपायचे कधी? आणि साखर किंवा रक्तदाब वाढून लोको पायलटची मेडिकल कॅटेगरी खाली आली, तर त्याचा रनिंग अलाऊन्स जातो. टोमणा मारणाऱ्याचे काहीच जात नाही.

आपलेही थोडे चुकते. युनियनच्या सभेत फरसाण आणि जिलेबी कोण मागवतो? मीच. आमच्या शाखेने ती बंद करून शेंगदाणे आणि काकडी सुरू केली, तेव्हा माझ्याविरुद्धही घोषणा झाल्या!

येत्या पी.एन.एम.साठी आम्ही तीन विषय लेखी दिले आहेत : बारा तासांच्या रोस्टरची नव्याने तपासणी, लागोपाठच्या रात्रपाळ्यांवर मर्यादा, आणि रनिंग रूममध्ये रात्रीही भाजी-भाकरीचे ताजे जेवण. इतर शाखांनीही आपापले विषय पाठवावेत.