येणार किती, जेवणार काय?

अमेरिकेत लग्न अगदी साधेपणानं करायचं ठरलं, सिटी हॉलमध्ये सह्या आणि पुढच्या एखाद्या शनिवारी मित्रमंडळींना जेवण, तरी पत्रिकेच्या पाकिटात उत्तराचं एक छोटं कार्ड घातलं जातं. येणार का, किती जण, काय जेवणार? तिथल्या मराठी आईवडिलांना ते खटकू शकतं. आपली पत्रिका 'सहकुटुंब सहपरिवार' बोलावते, 'अगत्य येण्याचे करावे' म्हणते आणि उत्तर मागत नाही. पाहुण्यांची ताटं मोजायची म्हणजे कद्रूपणा, ही भावना समजण्यासारखी आहे. पण ती रुजली पंगतींच्या काळात, जेव्हा चार माणसं जास्त आली तर वरणात पाणी वाढवून भागत होतं. तिथला केटरर ताटामागे पैसे लावतो, पक्का आकडा बहुधा आठवडा-दोन आठवडे आधी मागतो, आणि हॉलमध्ये किती माणसं मावतील हे अग्निसुरक्षेच्या नियमांनी ठरलेलं असतं. न मोजणारा यजमान तिथे उदार ठरत नाही, ऐनवेळी कुणाला तरी उभं ठेवतो.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो: समारंभ घरगुती आहे, मग कार्डही गमतीदार हवं. 'नाचायला तयार' आणि 'दुरूनच शुभेच्छा' असे दोन पर्याय छापायचे. गंमत असू द्या, पण गुडघेदुखीवाल्या काकांनी कुठे खूण करायची? खरं तर छापील कार्ड हीच मोठी सवलत आहे. एमिली पोस्ट यांचं शिष्टाचारावरचं पुस्तक 1922 साली आलं, तेव्हा औपचारिक आमंत्रणाचं उत्तर पाहुण्यानं स्वतःच्या कागदावर, स्वहस्ते, सबंध वाक्यात लिहायचं असा दंडक होता. आता फक्त खूण करायची आहे, तर ती कशावर हे स्पष्ट असावं. 'येणार' आणि 'येऊ शकत नाही' हे शब्द पुरेसे आहेत. त्यांच्याखाली बोलावलेल्या प्रत्येकाचं नाव यजमानानंच घालावं. नुसतं 'किती जण?' विचारलं की सहपरिवार जागा होतो आणि आकडा सातावर जातो. उत्तराची शेवटची तारीख केटररच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधीची ठेवावी.

जेवणाचा प्रश्न मात्र सरसकट छापू नये. बुफे असेल तर चिकन की मासे हे विचारण्यात अर्थ नाही. लोक दोन्ही घेतात. ताट टेबलावर येणार असेल तरच निवड मागावी, आणि तीही नावागणिक. जोडप्याच्या कार्डावर चिकन आणि मासे अशा दोन खुणा आल्या, तर मासे कुणापुढे ठेवायचे हे वाढप्याला कळत नाही. 'शाकाहारी' एवढाच शब्दही पुरत नाही. तिथल्या स्वयंपाकघरात शाकाहारी ताटात अंडं सहज चालतं, केकमध्ये तर बहुधा असतंच, आणि भाताला चिकनचा स्टॉक लागलेला असू शकतो. म्हणून 'शाकाहारी, अंड्याशिवाय' असा वेगळा पर्याय छापावा आणि त्याचा अर्थ केटररला आधीच समजावून सांगावा. अ‍ॅलर्जीचंही तसंच. अमेरिकी कायद्यात प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ नऊ आहेत. त्यात शेंगदाणा पूर्वीपासून होता, 1 जानेवारी 2023 पासून तीळही आला. दाण्याचा कूट आणि तिळाची चटणी यांवर ज्या घराची चव उभी आहे, त्यानं परक्या पाहुण्यांना हे विचारलंच पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, कार्डाचा दवाखान्यातला फॉर्म झाला. यादी छापली तर होईलच. 'काही चालत नसेल तर कळवा' एवढी एक ओळ आणि पुढे मोकळी जागा, बस्स. कारण विचारू नये: पथ्य, व्रत, धर्म की नावड, ते पाहुण्याचं त्याच्यापाशी. तारीख उलटली की उरलेल्यांना फोन करावा लागतोच. त्यात आपली माणसं जास्त निघतील, कारण 'आम्ही येणारच, त्यात कळवायचं काय' असं त्यांनी मनोमन धरलेलं असतं. त्यांनाही फोनवर मासे की चिकन हे विचारून घ्यावं.